मोटरीपासून पवनचक्की: खांब उभा करण्यापूर्वीची तयारी

कायम चुंबक असलेली डीसी मोटर बाहेरून फिरवली की तीच जनित्राचे काम करते, म्हणून तयारीला मोटरीच्या निवडीपासूनच सुरुवात करावी. शाफ्ट, म्हणजे मोटरीचा फिरणारा दांडा, आधी बोटांनी फिरवून पाहावा, मग मोटरीच्या दोन्ही तारांची टोके एकमेकांना जोडून पुन्हा फिरवावा. तारा जोडताच तो स्पष्टपणे जड झाला, तर मोटर उपयोगाची आहे. तारा मोकळ्या असतानाही शाफ्ट अडखळत फिरत असेल, तर अशी मोटर मंद वाऱ्यात जागची हलणार नाही. इंडक्शन मोटरीत कायम चुंबक नसतात. तिच्यासाठी कपॅसिटर जोडावे लागतात किंवा रोटरवर, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागावर, चुंबक बसवून घ्यावे लागतात, त्यामुळे पहिल्या बांधणीसाठी ती घेऊ नये.

मोटरीच्या पट्टीवरील वॅटच्या आकड्याला भुलू नये, व्होल्ट आणि फेरे यांचे प्रमाण पाहावे. ट्रेडमिलच्या मोटरीवर १८० व्होल्ट आणि मिनिटाला ४,००० फेरे असे लिहिलेले असेल, तर १२ व्होल्टची बॅटरी भारित करण्यासाठी लागणारे सुमारे १४ व्होल्ट तिच्याकडून ३१० फेऱ्यांच्या आसपास मिळतात. २४ व्होल्ट व १,८०० फेऱ्यांच्या मोटरीला तेवढ्यासाठी हजाराहून अधिक फेरे लागतात आणि घरगुती पाती तो वेग सहसा गाठत नाहीत. हे गणित कागदावर सोडू नये: वेग माहीत असलेल्या ड्रिलने शाफ्ट फिरवून मल्टिमीटरवर व्होल्ट मोजावेत आणि पाती ज्या दिशेने फिरणार आहेत त्याच दिशेने फिरवताना धन ठरणाऱ्या तारेवर खूण करावी, कारण दिशा बदलली की धन-ऋण उलटतात.

पात्यांचा व्यास या आकड्यांवरूनच ठरवावा. पात्याचे टोक वाऱ्याच्या पाचपट वेगाने धावते असे धरले, तर सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात दीड मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला सुमारे ३२० फेरे घेते, म्हणजे वरच्या मोटरीशी त्याचे नेमके जुळते. त्या वाऱ्यात एवढ्या वर्तुळातून सुमारे १३५ वॅट शक्ती वाहते. बेट्झच्या मर्यादेनुसार त्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक कोणालाच घेता येत नाही आणि घरच्या बांधणीत ४० वॅट हाती आले तरी ते चांगलेच म्हणावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते, म्हणूनच चक्र थांबवायचे कसे याची तयारी मला वीज मिळवण्याच्या तयारीइतकीच महत्त्वाची वाटते.

मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये पुरेशा क्षमतेचा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, हवा आणि त्याचे पट्टी असलेले टोक बॅटरीच्या धन टोकाकडे हवे. तो नसेल तर वारा पडल्यावर बॅटरीच पाती फिरवत बसते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. सौर पॅनेलचा साधा चार्ज कंट्रोलर (बॅटरीचे भारण नियंत्रित करणारे उपकरण) येथे वापरू नये, कारण बॅटरी भरताच तो जोडणी तोडतो, मोटरीवरचा विजेचा भार नाहीसा होतो आणि चक्र बेफाम फिरू लागते. जादा वीज एखाद्या हीटरच्या तारेकडे वळवणारा डायव्हर्जन कंट्रोलरच घ्यावा. याशिवाय डायोडच्या आधी, मोटरीच्या बाजूला, तिच्या दोन्ही तारा एकमेकांना जोडणारा ब्रेकचा स्विच जमिनीवरून हाताला येईल असा बसवावा. तो वादळ येण्यापूर्वी, वारा मंद असतानाच लावायचा असतो. जोराच्या वाऱ्यात लावल्यास चक्र न थांबता मोटरीचे वेटोळे जळू शकते. त्यासाठी जोराच्या वाऱ्यात चक्राला बाजूला वळवणारी शेपटीही असावी.

खांब आडवा करता येईल असा, चारही बाजूंनी ताणतारांनी बांधलेला आणि आसपासच्या झाडांहून व छपरांहून बराच उंच असावा. विजेच्या तारांपासून तो आडवा पडला तरी पोहोचणार नाही इतका दूर ठेवावा. पाती चढवण्यापूर्वी ती तराजूत घालून सारख्या वजनाची करावीत, लॉक नट वापरावेत आणि मोटरीवर पावसापासून आच्छादन घालताना ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज वाहून नेणारे कार्बनचे तुकडे) तपासायला जागा सोडावी. उभारणीसाठी वारा नसलेला दिवस निवडून, पाती दोराने बांधून आणि ब्रेकचा स्विच लावूनच खांब वर घ्यावा. सर्व ताणतारा घट्ट झाल्याशिवाय कोणीही त्याच्या खाली उभे राहू नये.