यूकेचा टॅक्स: या चुका टाळा, प्लीज

नवीन आलेला प्रत्येकजण हेच म्हणतो, "टॅक्स तर पगारातूनच कटतो, मला काय करायचंय?" मीही म्हणायचो.

सगळ्यात मोठा घोळ एनआरई एफडीचा (परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या भारतातल्या खात्यातली मुदत ठेव). भारतात व्याज टॅक्स फ्री, म्हणून आपण इथेही फ्रीच धरून चालतो. पण यूकेचे टॅक्स रेसिडेंट (टॅक्सच्या हिशोबात इथले रहिवासी) झालात की जगभरातली कमाई इथे मोजली जाते. 6 एप्रिल 2025 पासून नव्याने आलेल्यांना 4 वर्षं सूट आहे, पण ती रिटर्नमध्ये मागावी लागते, आणि मागितली की 12,570 पाउंडांचा पर्सनल अलाउन्स (वर्षाची टॅक्स फ्री कमाई) जातो. माझ्या पुण्यात दोन एफडी होत्या आणि मी निवांत. एक दिवस दाराच्या फटीतून इथल्या टॅक्स खात्याचं तपकिरी पाकीट आलं, तुमच्या परदेशी उत्पन्नाची माहिती आमच्याकडे आलीये म्हणून. मग दोन शनिवार स्टेटमेंट घेऊन बसलो, कारण बँकेचं सर्टिफिकेट 1 एप्रिल ते 31 मार्च आणि इथलं वर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल (1752 साली कॅलेंडर बदलताना 11 दिवस उडाले, त्याचं हे शेपूट). एक व्याज 3 एप्रिलला जमा झालेलं, म्हणजे तिकडे नवीन वर्षात, इकडे जुन्यात! टॅक्स भरला, त्यावर व्याज भरलं, वर दंड. आता दर 6 एप्रिलला चहा व्हायच्या आत स्टेटमेंट काढून एक्सेलमध्ये टाकतो. "एफडी आईच्या नावावर टाक ना" म्हणणारे बरेच भेटले, दंड भरायला त्यातला एकही आला नाही.

पहिल्या पेस्लिपवर टॅक्स कोड बघा, पगारातून किती टॅक्स कापायचा ते त्यावरून ठरतं. 1257एल असेल तर बहुतेक ठीक, बीआर दिसला तर पहिल्या पाउंडापासून 20% कटतोय, लगेच टॅक्स खात्याला फोन करा.

घरून डबे वगैरे करत असाल तर 31 जानेवारीला झटका बसतो. टॅक्सचं बिल 2,400 पाउंडांचं आणि मागतात 3,600, कारण पुढच्या वर्षाचा अर्धा ॲडव्हान्स तेव्हाच घेतात, उरलेला अर्धा 31 जुलैला. हे कळल्यावर लोक मलाच शिव्या घालतात. म्हणून बायकोच्या डब्यांचे पैसे आले की चौथा हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात, हात लावायचा नाही.

बोनसमुळे वर्षाची कमाई एक लाख पाउंडांच्या वर गेली की दर 2 पाउंडामागे 1 पाउंड अलाउन्स जातो, म्हणजे 1,25,140 पर्यंत खरा दर 60%, शिवाय इंग्लंडमध्ये नोकरदार आई-वडिलांना मिळणारे मुलांच्या नर्सरीचे फ्री तासही गेले. वरचं पेन्शनमध्ये टाका आणि गप्प बसा.

एडिनबरावाल्यांनो, म्हणजे स्कॉटलंडमधल्या सगळ्यांनो, तुमच्या टॅक्स कोडच्या आधी एस असतो, स्लॅबही वेगळे, लंडनच्या मित्राची पेस्लिप बघून एचआरशी भांडू नका.