बिनबुडाचा दावा दारातच कसा अडवायचा

समन्स हातात पडलं की प्रतिवादी आपली कागदपत्रं गोळा करायला लागतो. दावा सुरुवातीलाच संपवायचा असेल तर आधी समोरच्याचं वादपत्र, म्हणजे त्याने कोर्टात दाखल केलेला दाव्याचा लेखी अर्ज, नीट वाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल ११ खाली वादपत्र फेटाळताना कोर्ट फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद बघतं. तुमची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), तुमचं खरेदीखत त्या टप्प्यावर कोणी उघडत नाही. ‘सलीम भाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (२००३) या निकालाने हे पक्कं केलं. तरीही निम्मे अर्ज प्रतिवादीच्या बचावानेच भरलेले असतात आणि तिथेच पडतात.

पेन्सिल घेऊन ‘दाव्यास कारण घडले’ हा परिच्छेद शोधा. तिथली तारीख मुदतीच्या कायद्याशी ताडून पाहा; मुदत उलटलेली दिसली तर वादपत्र फेटाळून मागता येतं. दस्त रद्द करून मागायला त्या कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे ३ वर्षं मिळतात, तीही हकीकत कळल्यापासून. म्हणूनच ‘नुकतेच समजले’ हे वाक्य इतक्या वादपत्रांत भेटतं. पण वादीने स्वतःच सही करून नोंदवलेलं खरेदीखत वादपत्रातच कबूल केलं असेल, तर ही पळवाट टिकत नाही. ‘दहिबेन’ निकालात (२०२०) २००९ च्या खरेदीखतावर २०१४ साली लावलेला दावा असाच फेटाळला गेला.

कमी मूल्यांकन किंवा कमी कोर्ट फी या मुद्द्यावर फार भिस्त नको. कोर्ट दुरुस्तीला मुदत देतं, वादी स्टॅम्प भरतो, तुमचे सहा महिने जातात. आधीच्या दाव्यात हाच वाद निकाली निघाला आहे, हा मुद्दाही इथे सहसा चालत नाही, कारण त्यासाठी जुन्या दाव्याचे कागद तपासावे लागतात. तो ऑर्डर १४ रूल २ खाली प्राथमिक मुद्दा, म्हणजे बाकी मुद्द्यांआधी ठरवायचा मुद्दा, म्हणून काढून मागा. आणि ‘माझ्यापुरतं वादपत्र फेटाळा’ असंही मागू नका: फेटाळलं तर अख्खं, नाहीतर काहीच नाही.

अर्ज दोन-तीन पानांचा पुरे. वादपत्राचे परिच्छेद क्रमांक देऊन, त्यातलीच वाक्यं उतरवून, रूल ११ मधला नेमका उपनियम सांगा. अर्ज दाखल झाला म्हणून कैफियतीची मुदत थांबते असं समजू नका. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, फार तर ९० दिवस, हे घड्याळ चालूच असतं. कैफियत तयार ठेवा, निशाणी ५ ला, म्हणजे वादीच्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला, म्हणणंही द्या. अर्ज दिल्यावर वादी बहुधा वादपत्र बदलण्यासाठी दुरुस्तीअर्ज आणतो. त्याला लेखी हरकत घ्या.

वादपत्र फेटाळलं की तो आदेश हुकूमनामा (डिक्री) ठरतो, म्हणून वादी अपिलात जातो. अर्ज नामंजूर झाला तर तुम्हाला संहितेच्या कलम ११५ खाली हायकोर्टात रिव्हिजन (फेरतपासणी अर्ज). मात्र वादपत्र फेटाळलं तरी ऑर्डर ७ च्या रूल १३ मुळे त्याच कारणावर नवा दावा आणायला वादीला मोकळीक राहते. म्हणून कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ अशी आगाऊ सूचना, लावा. ती ९० दिवस चालते, संपायच्या आत नवी टाका.

तोच माणूस दाव्यावर दावे ठोकत असेल तर कलम ३५अ चा नुकसानभरपाईचा खर्च मागता येतो. पण त्याची कमाल मर्यादा साध्या दाव्यांत ३,००० रुपये आहे, म्हणजे एका तारखेच्या वकील फीइतकीही नाही. खरा लगाम १९७१ च्या महाराष्ट्र तापदायक वाद प्रतिबंध कायद्यात आहे. मात्र तुम्ही स्वतः हा अर्ज करू शकत नाही. तो महाधिवक्त्यांनी (राज्य सरकारचे सर्वोच्च वकील) हायकोर्टात करायचा असतो. त्यांच्याकडे निवेदन देताना एक तक्ता जोडा: दावा क्रमांक, कोर्ट, पक्षकार, मागणी, निकाल, तारीख. प्रत्येक ओळीला निकालाची प्रमाणित नक्कल. दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही प्रकरणं घ्या. समोरचा हरला एवढं पुरत नाही, दावा सवयीने आणि विनाकारण लावला हे निकालाच्याच शब्दांतून दिसावं लागतं. त्यामुळे प्रत्येक दावा संपताना ‘प्रक्रियेचा गैरवापर’ असा स्पष्ट निष्कर्ष नोंदवून मागा. हायकोर्टाने आदेश दिला की त्या माणसाला परवानगीशिवाय नवं प्रकरण दाखल करता येत नाही.