शिफारसपत्रासाठी कोणत्या शिक्षकांना विचारावं?

अमेरिकेत येऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या बऱ्याच पालकांना कॉलेज प्रवेशाच्या शिफारसपत्रांची आठवण मूल बारावीत गेल्यावर होते. हे काम अकरावीच्या मे महिन्यातच व्हायला हवं. जूनमध्ये शाळा बंद झाल्या की शिक्षक ईमेल बघतीलच असं नाही, आणि ज्यांच्याकडे सगळी मुलं जातात ते ठरावीक पत्रांपलीकडे 'नाही' म्हणतात.

आधी कॉलेजांची यादी तपासा. निवडक खासगी कॉलेजं बहुधा दोन शिक्षकांची पत्रं मागतात, शाळेच्या काउन्सेलरचं (मार्गदर्शकाचं) वेगळं. एमआयटीला एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं लागतं, दुसरं भाषा किंवा इतिहासासारख्या विषयाचं. इंजिनीअरिंगला जायचं म्हणून फिजिक्स आणि कॅल्क्युलस अशी जोडी धरून बसलात तर ऐनवेळी इंग्रजीच्या शिक्षकांना गाठावं लागतं.

निवड करताना आपण हमखास चुकतो ती मार्कांपाशी. ज्या विषयात सहज ए मिळाला, त्या शिक्षकांकडे लिहायला फारसं काही नसतं. 'हुशार आहे, गृहपाठ वेळेवर देते' यापुढे पत्र सरकत नाही. याउलट केमिस्ट्रीच्या प्रयोगात उत्तर चुकलं, मुलगी मधल्या सुट्टीत वही घेऊन गेली, द्रावण मोजताना कुठे गफलत झाली ते शोधलं आणि रिपोर्ट नव्याने लिहिला, हे ज्यांनी पाहिलं त्यांच्या पत्रात जीव असतो. तिथे बी प्लस असला तरी चालेल. शिक्षक शक्यतो अकरावीचे, मुख्य विषयाचे असावेत.

मूल बारावीतच इथे आलं असेल तर इथल्या शिक्षकांची ओळख जेमतेम दोन महिन्यांची असते. अशा वेळी भारतातल्या शाळेतल्या शिक्षकांना जरूर विचारा. फक्त त्यांना नीट समजावून सांगा, की 'वर्तणूक चांगली आहे' असा दोन ओळींचा दाखला नकोय. वर्गातले प्रसंग सांगणारं, इंग्रजीत लिहिलेलं पानभर पत्र हवंय. शिक्षकांचा ईमेल शक्यतो शाळेचा असू द्या.

विचारायला मुलानेच जावं, आईबाबांनी नाही. प्रश्नही स्पष्ट असावा: 'माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिता येईल का?' शिक्षक अडखळले तर आभार मानून दुसऱ्यांकडे जावं. होकार मिळाल्यावर एक पान द्यायचं: त्या वर्गातले दोन-तीन प्रसंग, पुढे काय शिकायचंय, आणि तारखा. अर्ली, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी करायच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी 1 किंवा 15 नोव्हेंबर असते. दोन आठवडे आधी नम्र आठवण करायला हरकत नाही.

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या वेबसाइटवर, शिक्षकांना निमंत्रण पाठवण्याआधी फेर्पाचा (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींबद्दलच्या कायद्याचा) भाग भरावा लागतो. तिथे पत्र बघण्याचा हक्क सोडावा, असंच आम्ही सांगू. विद्यार्थी वाचणार असलेल्या पत्रात शिक्षक हात राखून लिहितात आणि कॉलेजांनाही ते ठाऊक असतं. शाळा कागदपत्रं पाठवायला नॅव्हिअन्स किंवा स्कॉयर ही सॉफ्टवेअर वापरत असेल तर निमंत्रण कुठून पाठवायचं ते काउन्सेलरला विचारा. निमंत्रण कॉमन ॲपमधूनच गेलं असेल तर प्रत्येक कॉलेजाला शिक्षक स्वतंत्रपणे जोडावे लागतात. हे राहिलं, तर शिक्षकांनी पत्र चढवूनही ते त्या कॉलेजपर्यंत पोचत नाही.

ओळखीतल्या एखाद्या बड्या अधिकाऱ्याचं जादा पत्र जोडायचा मोह टाळा. ज्यांनी मुलाचं काम पाहिलेलं नाही, त्यांच्या सहीने अर्जाला वजन येत नाही.