भाजणे आणि स्फोटाघात यांवरील एकत्रित प्राणीप्रयोग : या चुका टाळा

रंगाईच्या किंवा साखरेच्या कारखान्यात बॉयलर फुटला, तर कामगार वाफेने भाजतो आणि त्याच क्षणी दाबलहरीचा तडाखा त्याच्या फुप्फुसांना बसतो. सोलापूर जिल्ह्यात असे बॉयलर जागोजागी आहेत, त्यामुळे येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दुहेरी दुखापतीचा विषय प्रबंधासाठी जरूर घ्यावा. मात्र पुढील चुकांमुळे प्राण्यांचे बळी वाया जातात, म्हणून त्या आधीच ओळखायला हव्यात.

सर्वांत महागात पडणारी चूक आराखड्यातच होते. एक निरोगी गट आणि एक दुहेरी दुखापतीचा गट एवढ्यावर प्रयोग उरकला, तर झालेली हानी भाजण्याची, स्फोटाची की दोहोंच्या एकत्र येण्याची, हे कधीच सांगता येत नाही. त्यासाठी केवळ भूल दिलेला, केवळ भाजलेला, केवळ दाबलहर सोसलेला आणि दोन्ही सोसलेला, असे चार गट लागतात. भूल व वेदनाशामक औषधे चौघांनाही सारखीच द्यावीत, कारण भुलीच्या वायूचा दाहप्रक्रियेवरही (दुखापतीला शरीर सूज आणून देते त्या प्रतिसादावर) परिणाम होतो. दोन आघातांचा क्रम आणि त्यांतील अंतर प्रत्येक प्राण्यात तेच ठेवावे.

दुसरी चूक सलाइनची, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा येथेच आहे. भाजलेल्या शरीराला द्रव हवा असतो; पार्कलंड सूत्रानुसार रुग्णाला पहिल्या २४ तासांत दर किलो वजनास आणि भाजलेल्या दर टक्का त्वचेस ४ मिलिलिटर द्रव देतात, त्यातला निम्मा पहिल्या ८ तासांत. स्फोटाने फुप्फुसांत रक्तस्राव झालेला असेल, तर तोच द्रव तेथे झिरपून सूज वाढवतो. द्रव अजिबात न देणारा प्रयोग हा पेच टाळतो आणि रुग्णापासून दूर जातो.

भाजणे त्वचेत किती खोलवर गेले, हे गृहीत धरू नये. वॉकर आणि मेसन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत साच्याच्या खिडकीतून उंदराची ठरावीक त्वचाच गरम पाण्यात बुडते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच असल्याने येथे पाणी सुमारे ९८.५ अंशांनाच उकळते. पण त्याहून मोठा फरक एकापाठोपाठ प्राणी बुडवताना पाणी निवल्याने पडतो. म्हणून दर वेळी तापमापी पाहावी आणि खोलीची खात्री त्वचेच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने करावी. उंदराची सैल त्वचा मुख्यतः आकसून भरते, तेव्हा जखम भरण्याविषयीचे निष्कर्ष थेट माणसाला लावू नयेत. त्यासाठी डुकराची त्वचा अधिक जवळची.

प्रयोगशाळेत दाबलहर निर्माण करणाऱ्या नळीच्या, म्हणजे शॉक ट्यूबच्या, तोंडासमोर प्राणी ठेवल्यास बाहेर पडणारा वाऱ्याचा झोत दाबलहरीपेक्षा वेगळीच इजा करतो. दाबमापक प्राण्याच्या शेजारी हवा, आणि केवळ सर्वोच्च दाब नव्हे, तर लहरीचा कालावधीही नोंदवावा.

चोवीस तासांनी फक्त जिवंत प्राण्यांचीच फुप्फुसे तपासली, तर सर्वाधिक जखमी प्राणी आधीच गणतीतून गळालेले असतात आणि दुहेरी गट फसवा सौम्य दिसतो. मेलेल्यांचेही शवविच्छेदन करावे. मृत्यूची वाट न पाहता प्राण्याला वेदनेतून कधी सोडवायचे, याचे निकष संस्थात्मक प्राणी नीती समितीच्या अर्जातच लिहावेत.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि भाजलेल्या प्राण्याची चयापचय गती खोलीच्या तापमानानुसार बदलते. म्हणून चारही गटांचे प्राणी एकाच आठवड्यात, एकाच खोलीत ठेवावेत आणि वीज गेल्याच्या वेळा पिंजऱ्याच्या नोंदवहीत टिपाव्यात.