कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर ड्रोन उडवताय?
संध्याकाळी रंकाळ्यावर जत्रेसारखी गर्दी असते, तेव्हा ड्रोन काढूच नका, पहाटे या. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे, म्हणून आधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते बघा. लाल-पिवळ्या भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. हिरव्या भागातही माणसांच्या डोक्यावरून नेऊ नका: फिरतं पातं बोट कापतं, आणि बॅटरी अचानक बंद पडली तर ड्रोन सरळ खाली कोसळतो. लहान पोरं तर उतरणारा ड्रोन पकडायलाच धावतात, तेव्हा सोबत्याला उतरायच्या जागेपाशी उभं करा. घाटावर अंघोळ करणाऱ्यांवर कॅमेरा नको, अगदी लांबूनही नको. कुणी हटकलं तर वाद न घालता ड्रोन उतरवा आणि काय टिपलं ते दाखवा. घारी घिरट्या घालू लागल्या तरी लगेच खाली घ्या.