तान्ह्या बाळाची नखं: निवांत वेळ, भरपूर उजेड आणि दाबून धरलेलं बोट

बाळाच्या गालावर ओरखडा दिसला की घरात आधी हातमोजे शोधले जातात. पण आपल्या गोव्याच्या दमट हवेत त्यात हात घामेजतात, आणि आतला सुटा दोरा बोटाला गुंडाळला गेला तर रक्तप्रवाह अडू शकतो. मोजे घातलेच, तर उलटे करून दोरे तपासा. नखं वेळेवर कापणं त्याहून सोपं आहे.

पहिले काही आठवडे कात्री नकोच. तेव्हा नख फार मऊ असतं आणि टोकाशी कातडीला चिकटलेलं असतं. नखं घासायची मऊ कानस घेऊन कड हलकेच गोल करा. पुढे नखाची कड सुटी दिसू लागली की बोथट टोकाची बाळाची कात्री किंवा छोटा नेलकटर वापरा. आपला मोठा नेलकटर नको, त्यात कातडी कुठे सापडते ते दिसत नाही.

वेळ म्हणाल तर दुपारची. दुकानं बंद, रस्ता शांत, बाळ पोटभर पिऊन गाढ झोपलेलं. खिडकीशी किंवा बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, उजेडाला बसा. पावसाळ्यात आभाळ भरून आलं किंवा वीज गेली, तर काम उद्यावर टाका. दिवेलागणीनंतर नखं कापू नयेत असं जुनी माणसं सांगतात, ते इथे अगदी पटतं.

हात साबणानं धुवा, कात्री धुऊन स्पिरिटनं पुसा. तेल-मालिश झालं असेल तर बाळाची बोटं कोरडी करा. खोबरेल तेलानं बोट हमखास निसटतं.

आता खरं कौशल्य. बाळाचं एकच बोट अंगठा आणि तर्जनीत धरा. नखाखालचा मांसल भाग खाली, नखापासून दूर दाबा. नख आणि कातडीत बारीक फट दिसेल. ती दिसल्याशिवाय कात्री लावायचीच नाही. बोटाच्या गोलाईनं थोडं थोडं कापा, पांढरी कड किंचित राहू द्या. कोपरे खोल कोरू नका, टोचणारी कड कानशीनं घासा.

बाळ जागं असेल तर दोघं लागतात. "आई, तुम्ही त्याला मांडीवर घेऊन गाणं म्हणा, मी कापते," असं सासूबाईंना सांगा. बाळाची नखं दातांनी कुरतडून काढायची सवय घरात असेल, तर ती सोडा. तोंडातल्या जंतूंनी बोट पिकू शकतं. बाळानं हात ओढला की थांबा. दोनच बोटं झाली तरी चालतील, उरलेली पुढच्या झोपेत.

कातडीला लागलंच तर घाबरू नका. स्वच्छ गॉज काही मिनिटं हलकेच दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. चिकटपट्टी लावू नका, बोट तोंडात गेलं की ती घशात अडकू शकते. हळद, पावडरही नको. रक्त थांबेना, किंवा पुढे बोट लाल होऊन सुजलं, पू दिसला, तर बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा.

हाताची नखं भराभर वाढतात, आठवड्यातून एकदा तरी पाहावी लागतात. पायाची महिन्यातून एकदोनदा पुरे. ती मात्र सरळ कापा. गोल कापली तर कोपरा मांसात रुतू शकतो.