जुना हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा वाजता करताना

नाशिकच्या जुन्या घरांमधल्या माळ्यांवर आणि भंगार-मोडीच्या दुकानांत आजही अधूनमधून सान्सुई, पायोनियर किंवा अकाईचे, क्वचित सोनोडाइन किंवा कॉस्मिकसारख्या देशी बनावटीचे, १९७०-८० च्या दशकांतील अ‍ॅम्प्लिफायर सापडतात. असे यंत्र हाती आले की, ते लगेच प्लगमध्ये लावून ‘वाजते का’ हे पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरावा. वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील (वीज साठवणाऱ्या डबीसारख्या भागातील) ऑक्साइडचा पातळ थर कमकुवत झालेला असतो, आणि त्यावर एकदम विजेचा पूर्ण दाब (व्होल्टेज) आला तर कपॅसिटर शॉर्ट होऊन रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) आणि ट्रान्सफॉर्मर यांनाही सोबत घेऊन जातो. पाच मिनिटांच्या उतावीळपणामुळे दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो.

प्रथम मागची पट्टी वाचावी. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनवलेले यंत्र १०० व्होल्टवर चालते. आपल्याकडील २३० व्होल्टवर ते थेट जोडले तर ट्रान्सफॉर्मर जळतो. निर्यातीसाठीच्या अनेक मॉडेलांवर व्होल्टेज निवडण्याचा स्विच असतो. तो २२० आणि २४० अशा दोन खुणांचा असेल तर २४० वरच ठेवावा, कारण आपल्याकडे रात्री उशिरा भार कमी झाल्यावर दाब बऱ्याचदा २३० च्या वर जातो. स्विच नसलेल्या १०० व्होल्टच्या यंत्राला पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. यंत्राच्या पट्टीवर जितके वॅट लिहिले असतील त्याच्या किमान दीडपट क्षमतेचा तो घ्यावा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमधील रिवाइंडिंगवाल्यांकडून असा ट्रान्सफॉर्मर बांधून घेता येतो.

नाशिकपुरती आणखी एक तपासणी आवश्यक आहे. यंत्र सराफ बाजार, भांडी बाजार किंवा गोदाकाठच्या परिसरातून आले असेल तर ते पुराच्या पाण्यात भिजले होते का, हे पाहावे. २००८ आणि २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून गेले, तेव्हा त्या भागातील तळमजल्यांत बरेच सामान बुडाले होते. झाकण काढल्यावर चासीच्या आतल्या कडेला गाळाची आडवी रेघ आणि ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर गंज दिसला, तर ते यंत्र सुट्या भागांच्याच किमतीला घ्यावे.

झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढलेला असावा, हे सांगायलाच नको. परंतु प्लग काढूनही मोठ्या फिल्टर कपॅसिटरांमध्ये (डीसी वीज सपाट करणाऱ्या कपॅसिटरांमध्ये) चाळीस-पन्नास व्होल्ट शिल्लक राहू शकतात. त्यांची दोन टोके स्क्रू-ड्रायव्हरने जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत अनेक कारागीर वापरतात, ती टाळावी. १ किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी एक मिनिट लावून ठेवला की १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही शांतपणे रिकामा होतो. मग मल्टिमीटरने खात्री करावी. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी दाब असतो. तो जीवघेणा असल्याने तिथे अनुभवी कारागिराशिवाय हात घालू नये.

साफसफाईसाठी मऊ ब्रश आणि हातपंपाचा ब्लोअर पुरेसा आहे. गॅरेजमधील कॉम्प्रेसरची हवा मारू नये, कारण तिच्याबरोबर पाण्याचे आणि तेलाचे बारीक थेंब येतात. धूळ निघाल्यावर सर्किट बोर्ड नीट न्याहाळावा. जपानी यंत्रांत मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात एक पिवळसर गोंद लावलेला असे. उष्णतेने तो कालांतराने काळपट-तपकिरी आणि ठिसूळ होतो. तेवढ्यावर ते थांबत नाही. हा जुना गोंद थोडी वीज वाहू देतो आणि शेजारच्या पार्टच्या तारा कुरतडतो. तारेभोवती हिरवट-काळा थर दिसला तर दोष तिथेच आहे असे समजावे. बांबूच्या काडीने गोंद खरवडून काढावा, उरलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि कुरतडलेला रेझिस्टर किंवा डायोड बदलावा. माझ्या मते जुन्या जपानी यंत्राच्या दुरुस्तीत सर्वाधिक फळ देणारे आणि सर्वाधिक दुर्लक्षित काम हेच आहे.

यानंतरच वीज द्यावी, तीही सिरीज बल्बमधून, म्हणजे आत शॉर्ट असला तरी प्रवाह मर्यादित राहतो. ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजने जोडावा. एलईडी बल्ब या कामाला निरुपयोगी आहे. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर फिल्टर कपॅसिटर भरले आणि पुढे शॉर्ट नाही असे समजावे. बल्ब प्रखर जळत राहिला, तर ताबडतोब बंद करून रेक्टिफायर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला शक्ती पुरवणारे ट्रान्झिस्टर) तपासावेत. फ्यूज उडत असल्यास त्याजागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी लावणारे महाभाग अजूनही भेटतात. फ्यूज नेहमी मूळ अँपिअरचाच असावा.

आता स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, दोन्ही चॅनेलच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजावे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. शंभराच्या पुढे असेल तर स्पीकर जोडू नये. बहुतेक यंत्रांत संरक्षणासाठी एक रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) असतो आणि चालू केल्यावर काही सेकंदांनी त्याचा ‘टक्’ असा आवाज येतो. तो आला नाही, तर स्पीकरच्या टर्मिनलवर मोजून काहीच उपयोग नाही, कारण रिले उघडा असल्याने तिथे शून्यच दिसेल. अशा वेळी रिलेच्या अलीकडे, आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या एमिटर टोकांना जोडलेले रेझिस्टर (एमिटर रेझिस्टर) जिथे एकत्र येतात तिथे मोजावे. बल्बमुळे दाब कमी असल्यानेही रिले लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. शॉर्ट नसल्याची खात्री झाली की बल्ब काढून पुन्हा मोजावे.

मग येतो कपॅसिटर बदलण्याचा प्रश्न. झाडून सगळे बदलून टाकण्याची सध्या टूम आहे. मला ती पटत नाही. फुगलेला, गळलेला किंवा ईएसआर मीटरवर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजणाऱ्या मीटरवर) नापास झालेला कपॅसिटर बदलावा आणि हीटसिंकजवळचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांजवळचे) छोटे इलेक्ट्रोलिटिक वयोमानाने बदलावेत; फिल्म आणि सिरॅमिक प्रकारांना हात लावू नये. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा असावा. अंगावरची पट्टी ऋण टोक दाखवते; ती उलटी बसली तर कपॅसिटर फुटतो. म्हणून एका वेळी एकच काढावा, एकच बसवावा आणि आधी मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा. नेमका माल शहरात मिळाला नाही, तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तो आणता येतो. जुना नग नमुन्याला सोबत न्यावा. आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. उत्पादन बंद झालेल्या जपानी क्रमांकांचेच काय, टू-एन-३०५५ सारख्या सर्रास मिळणाऱ्या नगांचेही नकली माल बाजारात असतात. किंमत संशयास्पद वाटेल इतकी कमी असेल तर घेऊ नये.

आउटपुटचे काम झाल्यावर बायस, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणारा प्रवाह, जुळवावा लागतो. तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलाच ठेवावा. एमिटर रेझिस्टर ०.२२ ओहमचा असेल आणि त्यावर १० मिलिव्होल्ट पडत असतील, तर प्रवाह सुमारे ४५ मिलिअँपिअर होतो. यंत्र पंधरा-वीस मिनिटे गरम झाल्यावर प्रीसेट (बोर्डवरील छोटा फिरता रेझिस्टर) अगदी सावकाश फिरवावा. मोजताना प्रोब हातात धरू नयेत, क्लिपा लावाव्यात. प्रोब निसटून दोन टोके टेकली की नवा ट्रान्झिस्टर तत्क्षणी जातो.

व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवल्याने जाते. डब्ल्यूडी-४० मात्र इथे वापरू नये. एक चॅनेल हळू आवाजात नाहीसा होऊन व्हॉल्यूम वाढवताच परत येत असेल, तर रिलेचे किंवा स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. रिले घासत बसण्यापेक्षा तो नवा घालावा.

मांडणी करताना वर किमान चार बोटे मोकळी जागा ठेवावी आणि अ‍ॅम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल घालू नये. ८ ओहमच्या दोन जोड्या ए आणि बी वर एकदम लावल्या की भार ४ ओहम होतो. मागच्या पट्टीवर तेवढी परवानगी आहे का, ते पाहावे. सीडी प्लेअरचे आउटपुट २ व्होल्टपर्यंत असते, तर जुन्या ऑक्स इनपुटला १५० मिलिव्होल्टही पुरतात. त्यामुळे नॉब थोडाच फिरवल्यावर आवाज फार वाढला तर तो यंत्रातला दोष नव्हे. फोनो इनपुटला मात्र रेकॉर्ड प्लेअरशिवाय काहीही जोडू नये. रेकॉर्ड लावल्यावर घरघर आली, तर आधी टर्नटेबलची स्वतंत्र ग्राउंड वायर मागच्या स्क्रूला घट्ट बसली आहे का ते तपासावे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच घरघर थांबते.